दोन ओळींची माहिती

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे आणि उरलेला जीव गच्चीवरच्या दुर्बिणीत घालायचे. तिच्यातून त्यांनी मंगळ आणि गुरू यांच्यामधला एक लघुग्रह शोधला. लघुग्रह म्हणजे तीनेक किलोमीटरचा ओबडधोबड दगड. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला चार वर्षं लागतात. कक्षा पक्की झाल्यावर त्याला क्रमांक मिळाला आणि बाबांना नाव सुचवायचा हक्क, तोही दहाच वर्षांपुरता. त्याच वर्षी दादा सायकलदुरुस्तीचं दुकान अर्धं उघडं टाकून कुठेतरी गेला, तो गेलाच.

नाव दादाचंच द्यायचं, यावर घरात कधी वाद नव्हता. घोडं अडलं ते सोबतच्या दोन ओळींच्या माहितीपाशी. कुणाचं नाव आणि का, एवढंच लिहायचं होतं. आई ‘स्मरणार्थ’ लिहू देईना. बाबा म्हणत, तो आला की त्यालाच विचारून लिहू. दहा वर्षं हे घोंगडं भिजत पडलं.

शेवटच्या दिवशी दुपारी मी दोघांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. खोटं कशाला बोलू, मला दादापेक्षा माझीच काळजी होती. एकदा ते नाव वर गेलं की घरातलं वाट बघणं संपेल आणि मला माझं काही सुरू करता येईल, असा माझा आपमतलबी विचार. मी ‘स्मरणार्थ’ गाळून लिहिलं: सायकली दुरुस्त करणारा, शोधकर्त्याचा मुलगा. बाबांनी तीनदा वाचून मान डोलावली.

आईने माझा हात धरला. "नको पाठवूस. तिकडे त्याचा दगड झाला ना, की इकडे तुम्ही त्याला शोधायचं सोडाल."

माझं डोकं फिरलं. "शोधायचं केव्हाच सुटलंय, आई. दर रविवारी बाबा चौकशीला जातो म्हणतात आणि बागेत बसून परत येतात. पाच वर्षं झाली."

बाबा खाली मान घालून बसले. मला तेव्हाच जीभ चावावीशी वाटली.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "निघत तरी होते ना."

कॉम्प्युटर तिनेच बंद केला. मुदत टळली, हक्क गेला, दगडाला क्रमांक तेवढा राहिला. कुणी कुणाला बोल लावला नाही.

रविवारी आईने नेहमीसारखा डबा भरून दाराशी ठेवला. बाबा उठलेच नाहीत.