श्यामलाबाईंची ताटली

आमच्या सदाशिव पेठेतल्या सोसायटीचा आंबा दोन वर्षांपूर्वी वाळला. तोडायची परवानगी आल्यावर यंत्राची करवत घेऊन एक तरुण आला, फांद्या उतरवल्या आणि खोडाला हात घातल्यावर पाच मिनिटांत साखळी तोडून निघून गेला. खोडात खिळे होते. असणारच. या सोसायटीत माणसं एकमेकांशी तोंडाने कमी आणि आंब्यावरच्या पाट्यांनी जास्त बोलत आली आहेत. ‘येथे सायकल लावल्यास ती आपल्याला नको आहे असे समजू.’ पाट्या गळाल्या, खिळे झाडाने गिळले.

त्यातले निम्मे खिळे पहिल्या मजल्यावरच्या श्रीधरपंत आगाशांचे. माणसांचे मी मनात दोन रकाने ठेवतो. श्रीधरपंतांचा नावेचा रकाना केव्हाच भरलेला, जमेला एकच नोंद : त्यांची पत्नी. श्यामलाबाई शाळेत शिकवायच्या आणि त्यांनी जन्मात एकच पाटी लावली. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी नवराबायकोचं कशावरून तरी वाजलं. बाई भांड्यांच्या दुकानात गेल्या, स्टीलची ताटली घेतली. नाव घालणाऱ्या माणसाचं अक्षर पसंत पडेना, म्हणून मशीन स्वतःच्या हातात घेऊन मजकूर कोरला आणि नवरा ऑफिसातून येईल त्या वाटेवर, आंब्याला ताटली ठोकली. ती बाईंनी काढली नाही, श्रीधरपंतांनीही नाही. आम्ही राहायला आलो तोवर साल चारी बाजूंनी येऊन ती आत गेली होती.

बाई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून श्रीधरपंत भेटेल त्याला सांगत, की ताटलीवर ‘चूक माझी होती’ असं लिहिलेलं आहे. खोटं पाडायला वाचलेलं कोणी उरलं नव्हतं.

आमची सेक्रेटरी ऋतुजा नवी साखळी मागवून खोड उभं चिरायला निघाली, तेव्हा हा गृहस्थ आडवा आला. ताटली अखंड हवी. ऋतुजाने एक दिवस दिला. त्या एका दिवसासाठी श्रीधरपंत रिक्षाने खडकीला गेले आणि लाकडाच्या वखारीत उभा जन्म काढलेल्या महिपतीला घेऊन आले. वय बहात्तर, बरोबर एक कुऱ्हाड, तिच्या पात्याला गोणपाटाचं फडकं.

श्रीधरपंतांनी लगेच अक्कल शिकवली. एवढ्या वर्षांत झाड वाढलं, तेव्हा ताटली आता दुसऱ्या मजल्याच्या उंचीला शोधायला हवी आणि तो भाग तर उतरवलेला, असा त्यांचा घोर. महिपतीने ऐकून घेतलं.

“झाड शेंड्यानं वाढतं, मालक. खिळा ठोकला तिथंच ऱ्हातो. बाई केवढ्या व्हत्या?”

 श्रीधरपंतांनी हाताचा पंजा आडवा करून स्वतःच्या खांद्याशी धरला. जरा विचार करून बोटभर खाली घेतला.

महिपतीने खोडावर बरोबर त्या उंचीला कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकत फेरी मारली. टण, टण, टण, आणि एके जागी बद्द. मग घाव सुरू झाले. असा आवाज पेठेत मी लहानपणानंतर ऐकला नव्हता : बंबासाठी लाकडं फोडताना सकाळी गल्लीभर घुमायचा तो. गॅलऱ्यांत माणसं आली. ढलप्या उडत होत्या, लाकूड वाळलेलं तरी आतून आंब्याचा वास येत होता. प्रत्येक घाव मागच्यापेक्षा हलका पडत गेला. शेवटी तो नुसतं पातं टेकवून खरवडत होता.

ऋतुजा हळूच म्हणाली, करवतीने हे जमलं नसतं.

“करवतीला थांबता येत न्हाई,” महिपती म्हणाला आणि ताटली काढून त्याने श्रीधरपंतांच्या हातात दिली.

त्यांनी सदऱ्याने पुसली. ती खिशात घालून ते सरळ जिना चढू शकले असते. मी तर त्यावर पैज लावली असती. पण त्यांनी चष्मा चढवला आणि गॅलऱ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “चूक तुमचीच आहे. चहा झाकून ठेवला आहे.”

कोणी हसलं नाही. ऋतुजा म्हणाली, “काका, तुम्ही तर सांगायचात...”

“मला पाठ होतं गं,” श्रीधरपंत म्हणाले. “अक्षर बघायचं होतं.”

संध्याकाळपर्यंत महिपतीने एका बाजूने खाच घेतली, दुसरीकडून घाव घातले आणि उरलेलं खोड भिंत नि नळ यांच्यामधल्या हातभर जागेत आणून निजवलं. श्रीधरपंत त्याच्यासाठी चहा घेऊन खाली आले. कपावर तीच ताटली झाकलेली होती आणि खिळ्यांच्या दोन भोकांतून वाफ येत होती.