मसणातला घास

बोरी नदीकाठच्या मसणवटीत त्या सकाळी जेवढी माणसं लोटली होती, तेवढी जीवराम जिवंत असताना त्याच्या दारात कधी आली नव्हती. जीवरामला अग्नी देऊन तिसरा दिवस. राख सावडायची होती. पण राखेकडे कोणाचं लक्ष होतं? सगळे डोळे कपाळीबाबावर खिळलेले. स्वातंत्र्य मिळून सहा वर्षं झाली, पारोळ्याच्या बाजारात रेडिओ वाजू लागला, तरी या गावाला माणूस खाणारा साधू लागत होता.

बाबाचं म्हणणं असं, की मेलेल्याचं मांस तो खातो, मग त्या माणसाचं पाप बाबाच्या पोटात जिरतं आणि मेलेला थेट वैकुंठाला जातो. होळीपासून गावात जो जो गेला, त्याचं मांस बाबाने असंच राखेतून काढून खाल्लं होतं. लोक वीस पावलांवरून बघत. त्याहून पुढे आलं की मेलेला मानगुटीवर बसतो म्हणे. आणि घरी जाऊन हेच लोक त्याच्या धुनीसाठी नारळ, धोतरं, कोंबड्या घेऊन परत येत.

मसणात बायकांनी यायचं नाही ही गावाची रीत. म्हणून जीवरामच्या बायकोने, सुगंधाबाईने, हा प्रकार नुसता ऐकला होता. आज मात्र दक्षिणा तिच्याच हातून हवी म्हणून बाबाने स्वतःच तिला बोलावणं धाडलं. चूल सांभाळणाऱ्या बाईला जवळ बोलवायचं, एवढी एक चूक त्याच्या हातून झाली.

ती दीर झुलालबरोबर निघाली. वाट तिच्याच वांग्याच्या वाफ्यावरून जात होती. आजारी पडण्याआधी जीवरामने सगळ्यांत मोठं वांगं बियाण्याला राखलं होतं आणि कोणी तोडू नये म्हणून त्याला आपल्या धोतराची चिंधी बांधली होती. ती चिंधी आज मातीत पडलेली आणि झाड रिकामं. चोराने मयताच्या घरालाही सोडलं नाही याचं तिला फार वाईट वाटलं. तिने चिंधी उचलून कमरेला खोचली.

मसणात बाबाने मूठभर राळ धुनीत फेकली. धुराचा लोट उठला. मग त्याने कोपरापर्यंत हात चितेच्या राखेत घातला आणि काळाठिक्कर, लिबलिबीत गोळा वर काढला. लोकांनी हात जोडले. बाबाने लचका तोडून तोंडात टाकला आणि त्याचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं वाकडं झालं.

"कडू," तो थुंकत म्हणाला. "बहोत पापी आत्मा. असलं पाप एकट्याला पचत नाही. उरलेला घास याच्या बायकोने गिळायचा. नाही गिळला तर गावात पटकी येईल."

गर्दी कुजबुजली. सुगंधाबाईने त्या काळ्या गोळ्याकडे पाहिलं. ज्याच्याबरोबर जन्म काढला, त्याला खायचं?

झुलाल खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, घास लई ले. नही लिधा ते गाव आपलं पाणी तोडी टाकी."

तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता.

"बाबा, मना नवरा जलमभर घाम गाळीसन मरना. त्यानं पाप कडू लागनं का तुले? आन तो घास इकडे."

तिने गोळा हातात घेतला आणि ती थबकली. हा वास तिला ठाऊक होता. कापसाच्या काड्यांवर भाजून आयुष्यभर तिने भरीत केलं होतं. राळेच्या धुराने तिचं नाक फसणार नव्हतं. तिने गोळा मधोमध फाडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. बाया-पोरं घरी होती म्हणून बरं, नाहीतर किंकाळ्या फुटल्या असत्या. पुरुष मात्र मागे सरले.

ती तळहातावर थुंकली आणि हात पुढे केला. पिवळ्या, टणक बिया.

"माणूसले बिया ऱ्हातस का? हाई मना नवरानं मास नही. हाई मनं बियानं वांगं शे. पिकेल वांगं कडूच लागस." तिने कमरेची चिंधी काढून दाखवली. "चोरले बियानं कोणतं आनि खावानं कोणतं, तेबी समजनं नही."

झुलाल पुढे झाला. त्याने तुकडा हुंगला, मग बाबाच्या धुनीमागची राख काठीने उकरली. वांग्यांचे देठच देठ निघाले. पहाटे चोरीचं वांगं काड्यांवर भाजायचं, लोक येण्याआधी चितेच्या राखेत पुरायचं, वास राळेने झाकायचा. बाकीचं काम लोकांची भीतीच करत होती.

बाबा झोळीकडे सरकला. गर्दीतल्या दोघांनी त्याला दंडाला धरलं. काठ्या उगारल्या गेल्या, तशी सुगंधाबाई मध्ये उभी राहिली.

"मारू नका. पारोळाले फौजदारकडे लई जा. पन पहिले माले सांगा, खरंच मास ऱ्हातं ते तुम्ही काय करतात? कुत्रा मसनमा मढं उकरस, त्याले तुम्ही बठ्ठा दगड मारतस. हाऊ बाबा मढं खास, ते त्याना पाया पडतस. कोणता देव माणूसनं मास मांगस?"

उगारलेल्या काठ्या एकेक करून खाली आल्या.

"पुढे कोणी असं काही दखाडं ते जवळ जा, हात लावा, वास ल्या. दूरथून हात जोडू नका."

मग रीत बाजूला ठेवून नवऱ्याची राख तिने स्वतः सावडली. कोणी हटकलं नाही. परतताना ती वाफ्यापाशी थांबली. भाजलेलं बी उगवत नाही. उरलेल्यांत जे मोठं वांगं दिसलं, ते निवडून तिने त्याला जीवरामची चिंधी घट्ट बांधली.