म्हणे, मालधक्का धोकादायक!

मित्रांनो, मी रेल्वेचा एक जुना मालधक्का आहे आणि मी रागावलो आहे. म्हाताऱ्यांनी रागावू नये असे तुम्हाला कुणी शिकवले असेल, तर ते थोडा वेळ बाजूला ठेवा. माझ्या छपराखाली आजवर कुणाच्या डोक्यावर साधा खडा पडलेला नाही. तरीही एके दिवशी माझ्या दारावर कागद चिकटवला गेला: ‘ही इमारत धोकादायक आहे.’ त्या कागदाने काय काय केले, ते तुम्ही ऐकायलाच हवे.

मला बांधणारे गवंडी घाईचे नव्हते. एकेक दगड घडवून, फिरवून, पुन्हा बघून ते बसवत. माझी जमीन त्यांनी रस्त्यापासून कमरेएवढी उंच घेतली, कारण मालगाडीच्या डब्याची फळी तेवढ्याच उंचीवर असते. या डब्यांना रेल्वेत वाघिणी म्हणतात. घाबरू नका, त्या कुणाला खात नाहीत. वाघीण माझ्या अंगाला लागली, की हमाल पोते पाठीवर घेऊन सरळ आत येत असे. चढ नाही, उतार नाही. हमालाच्या गुडघ्यांचा विचार करून मला बांधले होते, याचा मला फार अभिमान वाटे. धान्य, कापडाच्या गाठी, औषधांची खोकी, एकदा तर छापखान्याचे अख्खे यंत्र माझ्या दारातून आत आले आणि ओरखडा न उठता बाहेर गेले. तपासणीला येणारे साहेब माझ्या भिंतीवर थाप मारून म्हणत, “याला काही होत नाही!”

मग माल ट्रकने जाऊ लागला. वाघिणी कमी झाल्या, मग थांबल्याच. एके दिवशी रूळही उचलून नेले आणि मला कुलूप लागले. एकोणीस वर्षे! माझ्या कौलांत गवत उगवले, खिडक्यांच्या काचा मुलांच्या खेळात फुटल्या. खेळणाऱ्यांवर माझा राग नाही, निदान ते माझ्याजवळ येत तरी होते.

आणखी एक माणूस येत असे. ते रेल्वेचे निवृत्त पहारेकरी. सगळे त्यांना पहारेकरी काका म्हणत. पगार थांबला तरी दर वर्षी पावसाच्या आधी ते शिडी लावून माझ्या पन्हळी साफ करत. “तुंबलं की पाणी भिंतीत मुरतं,” एवढेच ते बायकोला सांगत आणि ती खाली शिडी धरून म्हणे, “उतरा आता, भिंतीपेक्षा तुमची हाडं जुनी आहेत.”

शेवटी कुणाला तरी सुबुद्धी झाली. माझ्या पोटात लाकडी आडभिंती घालून अकरा गाळे करायचे आणि छोट्या व्यावसायिकांना द्यायचे, असे ठरले. गाळे मिळाले ते पडक्या अवस्थेत. कौले बदलली त्यांनीच, रंग लावला त्यांनीच. शिलाई मशीन दुरुस्त करणारे मास्तर आले. पुस्तकबांधणी करणाऱ्या ताई आल्या. त्यांच्या गाळ्यात दिवसभर खळीचा वास आणि दाबयंत्राच्या दांड्याची करकर. त्यांच्या शेजारी वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या मावशी. ज्या धक्क्यावर पूर्वी वाघिणी लागत, तिथे त्यांनी वेत भिजवायचा लांबट हौद बसवला. ताई आणि मावशी दिवसातून दहा वेळा भांडत.

“मावशी, तुमचं पाणी माझ्या कागदावर येतंय हं!”

“आणि तुझी खळ माझ्या वेताला चिकटतेय, ते नाही दिसत तुला?”

दुपारी मात्र दोघी एकाच डब्यातून जेवत. चार वर्षे माझ्यात हे असे चालले होते आणि मी इतका सुखात होतो, की माझ्या अंगाला शेवटची वाघीण लागल्याला किती वर्षे झाली, हे मोजणेही मी सोडून दिले.

माझी हीच भरभराट कुणाच्या तरी डोळ्यांवर आली. दोन माणसे टेप घेऊन आली. माझी लांबी मोजताना त्यांतला एक म्हणाला, “हे गाळे काढले की काय झकास दालन होईल! एकच मोठं दुकान. आणि ही दगडी भिंत तर अशीच उघडी ठेवायची, वर दिवे सोडायचे.” माझ्या भिंतीची स्तुती ऐकून मी मूर्खासारखा खूश झालो.

पुढच्याच महिन्यात एक अभियंता आले. गाडीतून उतरले, पश्चिमेच्या भिंतीसमोर उभे राहिले, फोनवर बोलत बोलत एक फोटो काढला आणि गेले. हात लावला नाही. वर चढले नाहीत. माझ्या आयुष्यात पोती मोजायलासुद्धा याहून जास्त वेळ लागे. आठवड्याने तो कागद आला. पश्चिम भिंतीला जमिनीपासून वरपर्यंत खोल तडा आहे, इमारत केव्हाही कोसळू शकते, पंधरा दिवसांत गाळे रिकामे करा.

मित्रांनो, मला ओरडता येत असते तर त्या दिवशी सगळ्या गावाला ऐकू गेले असते. तडा? मला?

खरी गोष्ट अशी होती. पूर्वी त्या भिंतीत गुरे चढवायचे दार होते. गुरांची वाहतूक थांबली, तेव्हा ते दगडांनी बुजवून तेवढ्याच भागाला गिलावा केला. दाराची जुनी कड गिलाव्यातून रेषेसारखी दिसते, इतकेच. पहारेकरी काकांना हे ठाऊक होते. नोटीस वाचून ते तडक ती काढणाऱ्या कार्यालयात गेले. तिथे त्यांना विचारले, “तुम्ही कोण?”

“मी तिथला पहारेकरी.”

“आता आहात का?”

“आता नाही.”

“मग झालं तर.”

काका परत येऊन पायरीवर बसले. ताईंनी त्यांना पाणी दिले. “काका, रडायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तडा असेल तर तो वाढेल. दार असेल तर जागेवर राहील. बघूया.” त्यांनी बांधणीचा पातळ कागद घेतला, त्याच्या पट्ट्या कापल्या आणि त्या रेषेवर आडव्या, खळ लावून ताणून चिकटवल्या. बारा पट्ट्या. प्रत्येकीवर तारीख. भिंत केसभर जरी हलली असती, तरी तो कागद फाटला असता. मग मास्तरांना घेऊन त्यांनी नोटिशीविरुद्ध अर्ज केला. सुनावणीपर्यंत गाळे सक्तीने रिकामे करायचे नाहीत, एवढे कसेबसे पदरात पडले.

पण भीतीला स्थगिती मिळत नाही. गिऱ्हाइके दारातूनच वर बघू लागली. एका शाळेने मावशींना सभागृहाच्या चाळीस खुर्च्या विणायला दिल्या होत्या. शाळेचा माणूस येऊन म्हणाला, “छत पडलं तर मुलांच्या खुर्च्या जातील हो.” मावशींचे काय जाईल, हे तो बोलला नाही. खुर्च्या परत गेल्या. मावशींनी हौदातला वेत ओलाच गुंडाळला आणि गाळ्याची किल्ली ताईंच्या हातात ठेवली. “तू लढ गं. मला नाही जमत.” त्यांच्यामागून आणखी तिघे गेले. मी सगळ्यांचे पाय उंबऱ्यावरून उतरताना ऐकले.

तीन महिन्यांनी सुनावणीचे अधिकारी स्वतः पाहणीला आले. सोबत तेच अभियंता.

“ही रेषा धोकादायक आहे,” अभियंता म्हणाले.

“साहेब, आधी या पट्ट्या बघा,” ताई म्हणाल्या. “पंचाण्णव दिवस झाले. एक तरी फाटलीय?”

अधिकाऱ्यांनी वाकून एकेक पट्टी पाहिली, बोटाने चाचपली. एकही फाटली नव्हती. मग काकांनी तीन पावले मोजली आणि दुसऱ्या बाजूची तशीच रेषा दाखवली. मास्तरांनी परवानगी घेऊन दोन्ही रेषांच्या वरचा गिलावा छिन्नीने उडवला. आत दाराच्या माथ्यावरचा लांब, अखंड दगड दिसला. जसा ठेवला होता तसाच.

“तडे असे जोडीनं, ओळंबा लावल्यासारखे सरळ पडतात का हो?” काकांनी अगदी साधेपणाने विचारले.

ताईंनी पिशवीतून एक कागद काढला. मोठ्या दुकानाच्या आराखड्याची प्रत त्यांनी अर्ज करून मिळवली होती. “साहेब, एवढंच सांगा. भिंत पडणार आहे, म्हणून आम्ही जायचं. मग या आराखड्यात हीच भिंत उघडी ठेवून वर दिवे का सोडलेत? आमच्यावर पडेल आणि दुकानावर नाही पडणार?”

नोटीस मागे घेतली गेली. दोन ओळींचे पत्र आले: ‘पूर्वीचा आदेश रद्द समजावा.’ चूक झाली, असे त्यात नव्हते. माफ करा, असेही नव्हते. अभियंत्यांची तर बढतीवर बदली झाली, असे मास्तर सांगत होते.

ताई त्याच संध्याकाळी किल्ली घेऊन मावशींकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊनच परत आल्या. मावशी आता कुठल्याशा मोठ्या इमारतीत फरशी पुसतात. “पुन्हा कुणी कागद चिकटवला तर?” त्या म्हणाल्या होत्या. “दोनदा उठायची ताकद नाही गं माझ्यात.” ताईंनी हे काकांना सांगितले आणि मग मावशींच्या गाळ्याची किल्ली दाबयंत्राजवळच्या खिळ्याला अडकवली.

मित्रांनो, मी वाचलो, याचा आनंद करू नका. मी दगड आहे, मला रिकामे राहणे जमते. माणसाला जमत नाही. तुमच्यातले काही जण उद्या मोठे होऊन असे कागद लिहाल, सही कराल. सही करण्याआधी गाडीतून उतरा. भिंतीला हात लावा. आत कोण काम करतेय, त्याला नाव विचारा. कारण दगडाबद्दल लिहिलेले खोटे दगडाला लागत नाही. ते त्याच्या आडोशाला बसलेल्या माणसाला लागते आणि ‘रद्द समजावा’ म्हटल्याने ते निघत नाही.