अठरा नंबरचा प्रबंध

विभागात त्यांना 'पाहुणे सर' म्हणत. पाठीमागे अर्थात. तोंडावर सगळे शेपूट हलवत. चौतीस वर्षं साहित्य शिकवलं म्हणायचं, त्यातली निम्मी परदेशी सभागृहांत गेली. एकच व्याख्यान त्यांनी एकोणीस देशांत दिलं. सुरुवातीचा विनोद बदलायचा, बाकी सगळं जसंच्या तसं. घरी बायको विचारायची, "आलात? मुक्काम किती दिवसांचा?" आधी ती हसून विचारायची. पुढे नुसतंच विचारायला लागली, कारण तिला स्वयंपाकाचा अंदाज घ्यायचा असे.

आज नोकरीचा शेवटचा दिवस. शिपाई खोकी ठेवून गेला होता आणि सर कपाट रिकामं करत होते. सकाळी निरोप समारंभात दोघी-तिघी रडल्या, तेव्हा त्यांना काही वाटलं नाही. आताही वाटत नव्हतं. दाढ काढताना सुई टोचल्यावर ओठ जसा आपला राहत नाही, तसे ते अख्खेच झाले होते, आणि आजचेच नव्हे.

खालच्या फळीवर दोन प्रबंध निघाले. नऊ वर्षांपूर्वी पीएच.डी.साठी त्यांच्याकडे तपासायला आलेले. तपासणाऱ्याला नाव कळू नये म्हणून विद्यापीठ वर नुसता नंबर टाकायचं. सतरा आणि अठरा. दोन्हींचा विषय प्रवासवर्णनं.

सतरा नंबरच्या समासात सरांच्याच पेन्सिलीचं अक्षर होतं. 'ढापलेलं.' चार पानं पुढे, 'हेही ढापलेलं.' अठराच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'उत्तम. पुस्तक व्हावं.'

प्रत्येकात पाठवलेल्या अहवालाची झेरॉक्स खोचलेली होती. ऑफिसातून आली तशी सरांनी ती न वाचताच खोचली होती. आज वाचली. सतराबद्दल म्हटलं होतं: मौलिक संशोधन, पदवी द्यावी. अठराबद्दल: उचलेगिरी, नामंजूर.

अहवाल त्यांनी विमानतळावर बसून लिहिले होते. प्रबंध घरी, फॉर्म मांडीवर, आणि कर्ण्यावर विमानाची घोषणा. नंबर उलटे पडले.

निकाल लागल्यावर नावं सगळ्यांना कळली होती. सतरा नंबर म्हणजे आजचा विभागप्रमुख. सरांच्या बॅगा विमानतळावर पोचवायचा, म्हणून पोरांनी त्याला 'बॅगवाला' नाव ठेवलं होतं. आणि अठरा म्हणजे तासिकाबाई. पदवी नाही म्हणून कायमची नोकरी नाही, नऊ वर्षं तासावर शिकवतेय. वर उचलेगिरीचा शिक्का. दुसऱ्या कॉलेजांनी तिला दारातही उभं केलं नाही.

प्रबंध खोक्यात टाकून चिकटपट्टी मारता आली असती. का मारली नाही, ते सरांना सांगता आलं नसतं. सदसद्विवेक वगैरे काही जागा झाला नव्हता. हात थांबला, एवढंच. त्यांनी शिपायाला सांगून बाईंना बोलावून घेतलं.

बाई आल्या त्या खडूच्या हातानं. दोन्ही प्रबंधांवरचे शेरे, दोन्ही झेरॉक्स त्यांनी उभ्यानंच वाचल्या.

"मी वर कळवतो," सर म्हणाले. "एक-दोन दिवसांत सविस्तर पत्र..."

"एक-दोन दिवसांनी तुम्ही कोण?"

बाईंनी झेरॉक्स टेबलावर ठेवल्या.

"रिटायर माणसाचं पत्र आवक विभागात चहाच्या कपाखाली ठेवतात, सर. कायमच्या जागेची मुलाखत सोमवारी आहे. पंचेचाळिशीनंतर बोलावत नाहीत, मला पुढच्या महिन्यात पंचेचाळीस होतात. आज पत्र आवक झालं तर मी 'फेरतपासणीत' धरली जाते, मुलाखतीला बसता येतं. आवकची खिडकी चारला बंद होते. लेटरहेड काढा."

सरांनी काढलं. लिहिलं: 'कामाच्या व्यापात अनवधानाने गफलत झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

बाईंनी वाचलं. "यात माणूस कुठाय? व्यापानं अहवाल लिहिला काय? दुसरा कागद घ्या."

तेवढ्यात विभागप्रमुख दारात. "सर, गाडी आलीय. विमान सहाचं आहे, उद्घाटन तुमच्यासाठी थांब..." टेबलावरचा सतरा नंबर दिसला आणि त्याचं वाक्य तिथंच बसलं. "सर, जुनं प्रकरण आहे हो. कशाला उकरताय? तुमच्याही नावाला बट्टा."

"तुम्ही बॅगा उचला," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "सवय आहे तुम्हाला."

सर लिहीत राहिले. 'मी अहवाल विमानतळावर बसून, प्रबंध समोर नसताना लिहिले. नंबर उलटे टाकले. अठरा नंबरचा प्रबंध उत्तम आहे. सतरा नंबरचा चोरलेला आहे. नऊ वर्षं मी हे तपासून पाहिलं नाही.' खाली सही. बाईंनी तेच दुसऱ्या कागदावरही लिहून घेतलं.

"चला," बाई म्हणाल्या.

"मी कशाला? तुम्ही द्या की."

"ते अहवाल तुम्हीच दिले होते ना? हेही तुमच्याच हातानं द्या."

जिना उतरून दोघं आवक खिडकीशी आले, मागून विभागप्रमुख. चारला सात मिनिटं होती. कारकुनानं पत्र वाचलं, सरांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे पाहिलं आणि घसा खाकरला. "हे मार्फत यावं लागेल, सर. विभागप्रमुखांची सही..."

"थेट घ्या."

"साहेब मला झापतील हो."

"माझं नाव सांगा."

"सर, तुम्ही उद्या नसणार."

"आज आहे. पाचपर्यंत."

कारकुनानं विभागप्रमुखाकडे एकदा आशेनं पाहिलं. तो भिंतीवरची सूचना वाचत होता, पाठ करायची असल्यासारखी. शिक्का धाडकन पडला. कारकुनानं दुसऱ्या प्रतीवरही मारला, नंबर घातला आणि बाईंच्या हातात दिली. बाईंनी नंबर वाचला, तारीख वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"बाई, मी..." सर म्हणाले.

"माझा चारचा तास आहे." बाई चालू लागल्या. दोन पावलं गेल्या, थांबल्या, पण वळल्या नाहीत. "मुलाखतीला तेच विचारणार मला. उचलेगिरी का केली होतीत. नऊ वर्षं उत्तर पाठ करतेय." मग गेल्या.

सर उभे राहिले. काहीतरी वाटेल म्हणून त्यांनी जरा वाट पाहिली. त्या प्रबंधात नेमकं काय उत्तम होतं, तेही त्यांना आठवेना.

"सर, गाडी," विभागप्रमुख हळूच म्हणाला.

"सर, जरा बाजूला होता का?" आतून कारकून म्हणाला. "खिडकी ओढायचीय."

ते बाजूला झाले.