वरचे सहा दात

कोमांगचा फोन आला तेव्हा मुर्नी दवाखान्याच्या दारातल्या टेबलामागे बसून हसत होती. हसणं हेच तिचं काम होतं. देनपसार शहरातल्या त्या दातांच्या दवाखान्यात पाऊल टाकणाऱ्याला आधी मुर्नीचे दात दिसायचे, मग डॉक्टर.

"म्बोक, गुरुवारचा दिवस निघालाय," धाकटा भाऊ म्हणाला. थोरल्या बहिणीला आमच्याकडे म्बोक म्हणतात. "तुझे दात कानशीने घासायचे. बापाने हट्टच धरलाय."

"एवढी घाई?"

"दोन शब्द बोलला की धाप लागते त्याला. तो गेला की सुतक. मग सुतकात बसून घासशील का दात?"

"बरं, येते," मुर्नी म्हणाली आणि समोर आलेल्या गोऱ्या बाईकडे बघून हसली. पोटात काहीच हललं नाही, याचं तिलाही थोडं नवल वाटलं.

आमच्याकडे रिवाज सरळ आहे. बापाने मुलांचे दात घासून द्यायचे आणि मुलांनी बापाला अग्नी द्यायचा. वरचे सहा दात म्हणजे षड्रिपू. काम, क्रोध, लोभ ही सगळी मंडळी तिथे टोकं काढून बसलेली असतात. कानशीने ती सपाट केली की माणूस माणसात येतो. निदान म्हणतात तसं. दात सपाट करून घेतलेले आमचे निम्मे काका अजून कोंबड्यांच्या झुंजीत घरदार विसरतात, ते सोडा. पण दात न घासता गेलेल्याला पितर ओळखत नाहीत, आणि ज्या बापाने हे काम केलं नाही त्यालाही वर गेल्यावर विचारतात, पोरीचं काय केलंस म्हणून.

मुर्नीचं राहून गेलं होतं. चुलत भावंडांचे एकत्र घासले तेव्हा नेमकी तिची पाळी आली आणि तिला मांडवाबाहेर बसावं लागलं. पुढच्या खेपेला आजोबा गेले. मग ती शहरात आली, आणि बापाने दिवस काढला की तिला रजा नसायची. नसायची म्हणजे ती मागायची नाही.

आणि मग ते दातांचं झालं. मुर्नीचा उजवा सुळा शेजारच्या दातावर चढून बसलेला होता. गावात त्याचं कौतुक होतं; मेमे, म्हणजे तिची आई, म्हणायची, हा माझ्या आईचा दात, तुझ्या तोंडात राहायला आलाय. डॉक्टर लिलियानांना मात्र तो खुपायचा. "तुझं हसू म्हणजे आपल्या दवाखान्याची पाटी," त्या म्हणाल्या. "पाटी वाकडी कशाला ठेवायची?" एका दुपारी त्यांनी भुलीची सुई टोचली, मुर्नीचा ओठ परक्याचा झाला, यंत्र घरघरलं आणि वरचे सहाच्या सहा दात पुढून खरवडून निघाले. पुढे त्यांच्यावर चिनीमातीची पातळ पांढरी टरफलं बसली. डॉक्टर त्यांना व्हेनिअर म्हणतात. खुर्चीत आडवी असताना एकदा तिच्या मनात आलं, हे तर तेच सहा. मग आलं, बरं झालं, एक काम उरकलं.

ओठावरची भूल संध्याकाळपर्यंत उतरली. बाकीची उतरलीच नाही. त्या दिवसापासून जेवण, झोप, भावाचे फोन, सगळं तिला जाड कापडातून यावं तसं यायचं.

फोन ठेवल्यावर तिने डॉक्टरांना गाठलं. "डॉक, यावर कानस चालते का?"

"पोर्सिलेनवर कानस? वेड लागलंय का? तडा जाईल. नुसती टेकवायला सांग, फोटोपुरती."

बुधवारी ती गावी पोचली. बापा अंगणातल्या बांबूच्या खाटेवर उशांना टेकून बसला होता. देवळांच्या दारांवरचे दगडी राक्षस कोरण्यात त्याचा जन्म गेला आणि त्या दगडाच्या भुकटीने छाती भरली.

"आलीस? रजा दिली त्यांनी?"

"दिली."

"बघ, मी मरायला टेकलो तेव्हा कुठे तुझी रजा निघाली." तो हसायला गेला आणि खोकत राहिला. "एवढ्या राक्षसांचे सुळे घासले मी, आणि घरातली एक पोर राहिली."

"ही कसली राक्षसीण," बिबी रुंती, त्याची बहीण, म्हणाली. "शहरात जाऊन लाजायला शिकलीय. बघावं तेव्हा तोंडावर हात."

मुर्नीने हात काढला नाही. आता सांगावं, असं तिने ठरवलं. पण सांगायला आत काहीतरी ढवळावं लागतं आणि तिच्या आत सगळं निवांत होतं. ती फुलांच्या टोपल्या विणायला मेमेशेजारी जाऊन बसली.

गुरुवारी सकाळी तिला पिवळ्या-पांढऱ्या कापडात गुंडाळून माचावर आडवी केली. गालाशी पिवळा नारळ ठेवला. दातांचा चुरा त्यात थुंकायचा आणि तो नारळ देव्हाऱ्यामागे पितरांपाशी पुरायचा. दात घासणारे म्हातारे सांगिंग मंत्र पुटपुटत आले, उसाचं कांडं तिच्या दाढांमध्ये बसवलं आणि कानस ओढली.

कपबशीवर नख ओढावं तसा आवाज झाला. सांगिंगनी दातांवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा फिरवला.

"हे काय आहे?"

मुर्नीने कांडं काढलं. "बापा, हे माझे नाहीत."

"म्हणजे?" बिबी रुंती म्हणाली. "उसने आणलेस?"

"वर चिनीमाती आहे. आतले डॉक्टरांनी आधीच घासलेत."

"सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा."

सांगिंगनी कानस केळीच्या पानावर ठेवून दिली. "चिनीमातीवर काय मंत्र म्हणू? चुरा पडायचा नाही. पुरणार काय तुम्ही?"

सगळे बापाकडे बघायला लागले. खांबाला टेकवलेला बापा छाती वरखाली करत बसला होता. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मुर्नीला बरं वाटलं असतं. कुठे लागतं ते तरी कळलं असतं.

"दुखलं का गं?" बापाने विचारलं.

"नाही. भूल दिली होती."

"जवळ कोण होतं?"

"डॉक्टर होत्या."

"ते नव्हे. घरचं कोण? पाय कुणी धरले?"

"तिथे पाय नाही धरत, बापा."

बापाने तिच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "एकटीच पडली होतीस."

"कोमांग, मला उचल."

"बापा, तुला झेपणार नाही."

"उचल म्हणतो ना."

कोमांगने त्याला पोरासारखा उचलला आणि माचाच्या पायथ्याशी बसवला. बापाने मुर्नीच्या दोन्ही घोट्यांभोवती बोटं घट्ट आवळली.

"चालवा, जेरो," तो सांगिंगना मानाने म्हणाला.

"अहो, पण चुरा..."

"चुऱ्यासाठी नाही बोलावलं तुम्हाला. माझ्या पोरीचे दात घासायचेत आणि मी पाय धरून बसलोय. चालवा."

सांगिंगनी कांडं पुन्हा बसवलं, मंत्र पहिल्यापासून सुरू केला आणि अलगद, फुंकर घालावी तशी, कानस फिरवली. दातांना काहीच कळलं नाही. नारळात नुसती लाळ पडली. पण पायांना कळलं. जन्मभर दगड घासलेली ती खरखरीत, गार बोटं तिला एकेक करून जाणवली. त्याचा श्वास अडकला की पकड सैल व्हायची. श्वास आला की पुन्हा आवळायची. मुर्नीला रडू आलं. आवाज न करता, कानांत ओघळ जाईपर्यंत ती रडली. बिबी रुंतीने पदराने तिचे कान पुसले आणि एकदाही टोमणा मारला नाही.

शेवटी सांगिंगनी कांडं काढून तिच्या हातात आरसा दिला. आरशात बघून पुरे का, हे सगळ्यांनाच विचारतात, आणि सगळे दुखण्याला कंटाळून 'पुरे' म्हणतात.

"बघ. झाले का पुरे?"

आरशात सहा दात होते. पांढरे, एका मापाचे, सकाळी होते तस्सेच. आरशाच्या कडेपलीकडे तिच्या पायांवर वाकलेलं बापाचं डोकं दिसत होतं. पुरे म्हटलं की तो हात काढणार होता आणि कोमांग त्याला उचलून परत खाटेवर नेणार होता.

"अजून थोडं," मुर्नी म्हणाली.