न तपासलेली घडी

साल एकोणीसशे सत्तर. लष्कराच्या पॅराशूट शेडमध्ये आम्ही अकरा बायका कामाला होतो. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, अठ्ठावीस दोऱ्या मोजून सारख्या करायच्या, घडी पिशवीत बसवायची. कार्डावर घडी करणारीची सही, खाली तपासणारीची. चिमणी घडी करायची, मी तपासायची.

चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायांच्या हाती आपला जीव, अशी जवान थट्टा करत. त्याचं काही वाटत नसे. भीती वाटे शेडवरच्या कॅप्टनची. तो पाठीमागे येऊन उभा राही, इतका जवळ की श्वास मानेला लागे. चिमणीने एकदा सगळ्यांदेखत त्याचा हात झटकला. त्यानंतर तो माझ्या मागे उभा राहू लागला. एका दुपारी तो तिथून लवकर जावा म्हणून मी दोऱ्या न मोजताच सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फळीवरून तीच पिशवी उचलली. शंका आली, तर घडी करणाऱ्याने ती स्वतःच्या पाठीवर बांधून उडी मारायची, असा जुना नियम होता. बायकांना तो कुणी कधी लावला नव्हता. मनोऱ्यावरून उडीचे धडे तेवढे आम्ही गिरवले होते.

"काय चिमणाबाई, उडणार ना?"

"उडेन की," ती म्हणाली आणि पट्टे आवळू लागली.

बाहेर विमान घरघरत होतं. पाठीवर पॅराशूट एकच, राखीव दुसरं नाही. बोलले तर अकराजणींची नोकरी जाणार, न बोलले तर हिचा जीव.

"थांबा साहेब. ती मी तपासलेली नाही."

पिशवी सगळ्यांसमोर उघडली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दोऱ्या सरळ. चिमणीचं काम बिनचूक होतं. का तपासली नाहीस, असं कॅप्टनने विचारलं, तेही माझ्या मागे येऊन.

"सांग ना ताई," चिमणी म्हणाली.

माझी जीभ उचलली नाही.

आठवड्याभरात शेडमधून बायका काढल्या. बायकांना जबाबदारी पेलत नाही, असं कागदावर आलं. कॅप्टन कर्नल होऊन निवृत्त झाला. वारला तेव्हा वर्तमानपत्रात फोटो होता. बाकीच्या नऊजणी कुठे कुठे पांगल्या. मी शाळेत शिवण शिकवलं. चिमणी तंबू शिवायच्या कारखान्यात लागली. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. मागच्या वर्षी ती गेली. तिच्या मुलीला मी सगळं पत्रात लिहून कळवलं आहे, कारणासकट. उत्तर अजून आलेलं नाही.