आज कुठलं गाव?

"आज कुठलं गाव रे हे?" हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर दादाने विचारलं आणि सगळे खो खो हसले.

आमच्या रग्बी संघातला हा जुना विनोद. लागोपाठ दोन वर्षं आम्ही चॅम्पियन, त्यामुळे ज्याला त्याला सामना आमच्याशीच हवा. आज इथे, परवा तिथे. बस, विमान, पुन्हा बस. सकाळी उठल्यावर बाथरूम डावीकडे की उजवीकडे, हेही आठवायचं नाही. बस तर प्लास्टर घातलेल्यांचा वॉर्ड झाली होती. एकाचा हात गळ्यात, एकाचा पाय सीटवर, आणि उरलेले आम्ही गोळ्या गिळून उभे. माणसाने चॅम्पियन होऊच नये, असं मी वैतागून म्हणायचो. मला सगळे पैलवान म्हणतात. दादा आमचा कप्तान, आणि दौऱ्यावर कायमचा माझा खोलीतला जोडीदार.

आदल्या दिवशीच्या सामन्यात एकाला पाडताना त्याचा गुडघा दादाच्या कानशिलावर बसला. दादा उठला, पण उठून समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. डॉक्टर धावत आले. डोक्याला मार लागला की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो.

"कुठल्या गावात आहोत आपण?"

"काय माहीत," दादा म्हणाला.

"मला तरी कुठं माहितीय," म्हणत डॉक्टर हसले. तेही बिचारे आमच्याबरोबरच फिरत होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. त्यांनी बोटं मोजायला लावली, डोळ्यांत बॅटरी मारली, दादाला खेळू दिलं आणि ते मैदानाबाहेर गेले. सामना आम्ही जिंकला. त्यांचं ते हसणं मात्र मला पटलं नाही.

नाश्त्यानंतर घरची वाट धरली. बसमध्ये दादा माझ्या शेजारी होता.

"पैलवान, तुझ्या आईचं ऑपरेशन कसं झालं रे?"

"चांगलं झालं. चालायला लागली."

"वा." तो खिडकीबाहेर पाहत राहिला. थोड्या वेळाने वळला. "आईचं ऑपरेशन झालं का रे?"

मी झालं म्हणालो. टोलनाका गेल्यावर त्याने पुन्हा विचारलं, तितक्याच मायेने.

मी उठलो. पुढे डॉक्टर तोंड उघडं टाकून झोपले होते. दादाने माझं मनगट धरलं.

"कुठं चाललास?"

"डॉक्टरांना सांगतो. तू मघापासून तेच तेच विचारतोयस."

"डोकं जरा जड आहे. झोप झाली की उतरेल. रविवारी फायनल आहे. माझ्या जागी कोण आहे, सांग बरं."

मी बसमध्ये नजर फिरवली. खरंच कोणी नव्हतं. मी खाली बसलो. घरी गेल्यावर वहिनीलाच सांगू, तिच्यापुढे याचं काही चालत नाही, अशी मनाची समजूत घातली.

दुपारी बसने दादाच्या गल्लीत सोडलं. मीही उतरलो. बैठं घर, दारात वहिनी, पायरीशी सायकल पुसत बसलेली लेक. दादाने बॅग खाली ठेवली, केस नीट केले आणि वहिनीपुढे अदबीने हात केला.

"चावी देता? दोघांची खोली आहे. मी आणि हा."

"झाली का थट्टा सुरू? घरात तरी ये आधी," वहिनी हसली. लेकीला आयताच खेळ मिळाला. तिने सायकलच्या कुलपाची चावी त्याच्या तळहातावर ठेवली.

"खोली नंबर एक, साहेब."

"थँक्यू हं." त्याने चावी मुठीत जपून धरली, दारातून आत डोकावलं आणि मला हळूच विचारलं, "लिफ्ट कुठंय रे?"

वहिनी अजून हसत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

दाराची चौकट तिने घट्ट धरली. लेकीला पाणी आणायला आत पाठवलं. मग वाकून त्याची बॅग उचलली.

"लिफ्ट लागत नाही," ती त्याला म्हणाली. "या तुम्ही. मी दाखवते खोली."